सौदीला मुलांकडे चाललात? जुनं जिद्दा आणि हेग्रा पाहूनच परत या

दिवाळी झाली की सौदीच्या प्रवासाबद्दलचे प्रश्न येऊ लागतात आणि दरवर्षी ते जवळपास तेच असतात. "मुलगा जुबैलला आहे, आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी चाललोय. मॉल सोडून तिकडे पाहण्यासारखं काही आहे का?" "एखादं देऊळ आहे का हो?" "हिला बुरखा घालावा लागेल का?" "आम्ही उमऱ्याला चाललोय, मदिनेहून पुढे ते डोंगरात कोरलेलं गाव पाहून येता येईल का?" शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा रत्नागिरी-रायगडकडून येतो.

पाहण्यासारखं पुष्कळ आहे. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत सौदी अरेबियाची २०२४ पर्यंत आठ स्थळं गेली आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये या देशानं पर्यटक व्हिसा सुरू केला. त्याआधी नोकरी, धंदा, हज-उमरा किंवा नातेवाईक यांपैकी एखादं कारण असल्याशिवाय तिथं पाऊल ठेवणं अवघडच होतं. त्यामुळे आपल्याकडे तिथल्या स्थळांची माहिती तोंडी फिरते आणि त्यातली बरीच जुनी झालेली असते. तीन महिने राहून फक्त मॉल आणि समुद्रकिनारा पाहून परतलेले आई-वडील भेटले की मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी छोट्या प्रश्नांची उत्तरं

- देऊळ आहे का? सौदीत हिंदू मंदिर नाही आणि इतर धर्मीयांना सार्वजनिक पूजाअर्चा करता येत नाही. घरात, खाजगीत, गाजावाजा न करता देवाचं करावं. सर्वांत जवळचं जुनं देऊळ बहारीनच्या मनामा शहरातलं श्रीनाथजींचं, दोनशे वर्षांचं. तिथं जाण्यात एक मोठी खोच आहे, ती व्हिसाच्या भागात सांगतो.
- बुरखा लागतो का? परदेशी स्त्रियांना अबाया किंवा डोक्यावर ओढणी सक्तीची नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे सैल कपडे मात्र स्त्री-पुरुष दोघांनाही हवेत.
- बाईमाणसाला एकटीनं फिरता येतं का? येतं. पासपोर्ट दाखवून हॉटेलात खोलीही मिळते.
- हेग्रा, अल-हिज्र आणि मदाइन सालिह या तीन जागा आहेत का? नाही. एकाच जागेची ही तीन नावं. अल-उला हे त्याच्या जवळचं गाव. तिकिटावर 'हेग्रा' असतं, जुन्या पुस्तकांत 'मदाइन सालिह'.

व्हिसाच्या कागदावरची 'प्रवेश' ही ओळ वाचा

बहुतेक घोटाळे इथंच होतात. आपल्या वाचकांना लागू पडणारे मार्ग असे:

- फॅमिली व्हिजिट. तिथं इकामा, म्हणजे निवास परवाना, असलेला मुलगा, मुलगी किंवा जावई सौदी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करतो. मंजुरी आली की तुम्ही मुंबईच्या ताशीर व्हिसा केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे देता. या व्हिसावर पर्यटनस्थळी जाण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही.
- पर्यटक व्हिसा. साध्या भारतीय पासपोर्टवर तो ताशीर केंद्रातूनच काढावा लागतो. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा चालू आणि एकदा तरी वापरलेला व्हिसा तुमच्याकडे असेल, किंवा तुम्ही आखाती देशांत राहत असाल, तर ऑनलाइन ई-व्हिसाचा रस्ता बऱ्याचदा खुला असतो.
- स्टॉपओव्हर. सौदिया किंवा फ्लायनासच्या विमानानं पुढं कुठं जाणार असाल, तर वाटेत ९६ तासांचा थांबा घेता येतो. जुनं जिद्दा पाहायला एवढे तास भरपूर झाले.
- उमरा व्हिसा. हा फक्त मक्का-मदिनेपुरता असतो असा समज अजून पक्का आहे. तो जुन्या नियमांचा. आता या व्हिसावर देशभर फिरता येतं, म्हणजे मदिनेहून अल-उलाला जाता येतं.

आता ती खोच. फेब्रुवारी २०२५ पासून भारतासह काही देशांच्या नागरिकांना बहुप्रवेशाऐवजी एकाच प्रवेशाचा व्हिसा दिला जाऊ लागला. नियम पुन्हा बदलू शकतात, म्हणून शेजाऱ्याचा नव्हे, स्वतःचा कागद वाचा. दम्माम-खोबरच्या बाजूला राहणारी मंडळी सुट्टीच्या दिवशी किंग फहद पुलावरून सहज बहारीनला जाऊन येतात. पूल २५ किलोमीटरचा, गाडीनं अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. मुलं उत्साहानं म्हणतात, चला, आईबाबांना श्रीनाथजींचं दर्शन घडवू. पण तुमचा व्हिसा एकप्रवेशाचा असेल तर पूल ओलांडताच तो संपला. परत येताना सौदीच्या खिडकीवर तुम्हाला थांबवलं जाईल, मुलांच्या हातात इकामा असला तरी. देवदर्शन करायचंच असेल तर ते भारतात परतण्याच्या वाटेवर ठेवा. बहारीनचा वेगळा व्हिसा काढा आणि मनामाहूनच मुंबईचं विमान घ्या.

कुठं जायचं हे मुलं कुठं राहतात त्यावर ठरवा

देश प्रचंड मोठा आहे. रियाध ते अल-उला हे अंतर हजार किलोमीटरच्या पुढं जातं. "एका फेरीत सगळं" हा हट्ट सोडा.

- जिद्दा, यान्बू किंवा मदिनेकडे असाल तर जुनं जिद्दा आणि हेग्रा.
- रियाधला असाल तर दिरियातलं तुरैफ आणि शहरातला मस्मक किल्ला. तीन दिवसांची सवड काढून विमानानं अल-उला.
- जुबैल-दम्मामला असाल तर एका दिवसात अल-अहसा.

सगळ्यांतून एकच निवडा म्हणालात, तर मी जुनं जिद्दा म्हणेन. हेग्रा जास्त भव्य आहे, पण जिद्द्याच्या गल्ल्यांत मराठी माणसाला ओळखीच्या खुणा सापडतात.

जुनं जिद्दा: संध्याकाळी आणि पायी

स्थानिक लोक या भागाला नुसतं 'अल-बलद' म्हणतात, टॅक्सीवाल्यालाही तेच सांगा. खलिफा उस्मान यांनी इ. स. ६४७ च्या सुमारास जिद्द्याला मक्केचं बंदर ठरवलं आणि तेव्हापासून समुद्रमार्गे येणारा हाजी इथंच उतरत आला. मुंबईहून हजला जाणारी जहाजं १९९५ पर्यंत चालू होती. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात मुक्काम करून, पेटी-वळकटी घेऊन निघालेले कोकणातले आजी-आजोबा याच गावात पहिल्यांदा जमिनीला पाय लावत. तुमच्या घरात अशी आठवण असेल तर निघण्यापूर्वी थोरामोठ्यांकडून ती ऐकून घ्या, मग तिथं चालताना वेगळं वाटतं.

*कसं चालावं:* पूर्वेच्या बाब मक्कापासून सुरुवात करा. हाजी याच वेशीतून मक्केकडे निघत. तिथून बाजारातून पश्चिमेला चालत राहिलात की सूक अल-अलवी लागतो आणि त्याच वाटेवर नसीफ यांचा वाडा. वाटेत थोडं आत वळून शाफी मशिदीचा मिनार बाहेरून पाहा. सगळं मिळून अंतर फार नाही, पण थांबत थांबत दोन-अडीच तास धरा. शहराची तटबंदी १९४७ मध्ये पाडली गेली, त्यामुळे आज दिसतात त्या वेशी तटाशिवायच उभ्या आहेत.

*काय पाहावं:* घरांच्या भिंती नीट पाहा. तांबड्या समुद्रातल्या प्रवाळाचे दगड कापून त्या रचल्या आहेत. गिलावा उडालेल्या जागी हात न लावता जवळ जाऊन बघा, दगडात प्रवाळाची नक्षी तशीच शाबूत दिसते. दगडांच्या थरांमध्ये आडव्या लाकडी पट्ट्या घातलेल्या असतात. भिंत खचू नये म्हणून त्यांचा पट्टा आवळल्यासारखा उपयोग होतो. वर नजर टाकली की रस्त्यावर झुकलेले, जाळीदार लाकडी सज्जे दिसतात. त्यांना रोशन म्हणतात, अनेकवचन रवाशीन. घरातल्या बायकांना बाहेरचं दिसावं, बाहेरच्यांना आतलं दिसू नये आणि समुद्रावरचा वारा मात्र आत यावा, अशी ती योजना. पाण्याचे माठही याच सज्जात गार व्हायला ठेवत. प्रवाळ तिथलाच, पण लाकूड त्या देशात कुठून असणार? ते समुद्रमार्गे यायचं, आणि त्यातलं बरंचसं सागवान आपल्या देशातून गेलेलं.

नसीफ वाड्यासमोर एक झाड आहे. पान तोडून चुरडावं लागत नाही, दुरूनच ओळखू येतं: कडुनिंब! कितीतरी वर्षं जुन्या जिद्द्यातलं हे एकमेव झाड होतं, म्हणून वाड्याला 'झाडवालं घर' म्हणत आणि पत्रांवर तोच पत्ता लिहीत. वाडा १८८१ मध्ये पुरा झाला. १९२५ च्या डिसेंबरात जिद्दा ताब्यात आल्यावर आजच्या सौदी राज्याचे संस्थापक राजे अब्दुल अझीझ इथंच उतरले होते. आत जायला मिळालं तर जिना पाहा. पायऱ्या इतक्या रुंद आणि इतक्या बुटक्या आहेत की सामानाचे उंट वरच्या मजल्यापर्यंत चढत, असं सांगतात. मी त्या निंबाखाली अर्धा तास बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक मल्याळी आजोबा आणि त्यांचा नातू, खाली पिकल्या पानांचा सडा, आणि तो किंचित कडू वास. घरापासून इतक्या दूर आहोत हे काही क्षण विसरायला होतं.

*काय टाळावं:*
- दुपार. जिद्द्याची दमट उकाड्याची दुपार मुंबईच्या मे महिन्याला मागे टाकते. आसरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर निघा. बाजार तेव्हाच खऱ्या अर्थानं उघडतो.
- शुक्रवारची सकाळ. दुकानं बंद असतात. फक्त रिकाम्या गल्ल्यांचे फोटो हवे असतील तर मात्र तीच वेळ उत्तम.
- पडक्या घरात शिरणं. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यापासून दुरुस्तीचं काम जोरात आहे. कुंपण घातलेलं घर म्हणजे आत मजले कच्चे आहेत असं समजा.
- गुळगुळीत तळव्याच्या चपला. फरसबंदी उंचसखल आहे, गुडघेदुखी असलेल्यांनी काठी बरोबर ठेवावी.

शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही. तंदुरातली भलीमोठी तमीस रोटी आणि त्याबरोबर फूल, म्हणजे घोटलेल्या बाकल्याची उसळच. फलाफल, हम्मस, केळं घातलेला गोड मुतब्बक. इडली-डोसा हवाच असेल तर जिद्द्याच्या शरफिया भागात केरळी हॉटेलं आहेत.

हेग्रा: तिकिटाशिवाय जाऊ नका

प्राचीन नबाती लोकांचं हे नगर. उदी-लोबानाच्या काफिल्यांवर ते श्रीमंत झाले आणि जॉर्डनमधल्या पेट्राखालोखाल त्यांचं मोठं ठाणं इथं होतं. २००८ मध्ये सौदीचं युनेस्को यादीत गेलेलं हे पहिलं स्थळ. वालुकाश्माच्या सुट्ट्या डोंगरांत कोरलेल्या १११ मोठ्या कबरी आहेत आणि त्यांतल्या ९४ कबरींची दर्शनी बाजू नक्षीची आहे.

आपल्याला या कामाचं अप्रूप दोन कारणांनी वाटतं. पहिलं म्हणजे काळ. इथल्या कबरींवरचे कोरीव लेख इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इ. स. च्या पहिल्या शतकापर्यंतचे आहेत. म्हणजे सह्याद्रीत सातवाहनांच्या काळात कार्ले आणि नाशिकची लेणी कोरली जात होती, साधारण तेव्हाच हे इथं चाललं होतं. आणि जसं आपल्या लेण्यांत दान कुणी दिलं ते कोरलेलं असतं, तसं इथं कबर कुणाची, पाथरवट कोण आणि दुसऱ्या कुणी तिचा ताबा घेतला तर दुशारा देवाला आणि राजाला दंड किती, ते दारावर कोरलेलं आहे.

दुसरं कारण कस्र अल-फरीद, एकट्या उभ्या खडकात कोरलेली सर्वांत उंच कबर. ती अर्धवट राहिली आहे आणि म्हणूनच मोलाची आहे. वरचा भाग घोटून गुळगुळीत झालेला, खाली येता येता छिन्नीचे घाव मोठे होत जातात आणि अगदी तळाशी नुसता ओबडधोबड खडक. काम वरून खाली कसं उतरत गेलं ते एका नजरेत कळतं. वेरूळचं कैलास लेणंही वरून खालीच कोरत आणलं, हे आपण शाळेत शिकतो. पण कैलास पुरं झालेलं असल्यानं ती रीत तिथं कल्पनेनंच समजून घ्यावी लागते. इथं ती थांबलेल्या अवस्थेत समोर उभी आहे.

*जाण्याची रीत:*

1. हेग्रात स्वतःची गाडी घेऊन फिरता येत नाही. अल-उलाच्या अधिकृत संकेतस्थळावरून वेळेसह तिकीट काढायचं आणि त्यांच्याच बसनं किंवा जीपनं जायचं. सोबत 'रावी', म्हणजे माहिती सांगणारा वाटाड्या असतो. इंग्रजी फेरी निवडल्याची खात्री करा.
2. जिद्द्याहून रस्त्यानं जायचं तर सहा-सात तास मोडतात. सोपा मार्ग म्हणजे हरमैन रेल्वेनं मदिनेपर्यंत आणि पुढं गाडीनं सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. रियाध-जिद्द्याहून अल-उलाला थेट विमानंही आहेत.
3. सकाळची पहिली किंवा संध्याकाळची शेवटची फेरी घ्या. तेव्हा तिरपा प्रकाश असतो आणि कोरीवकाम उठून दिसतं.
4. दोन रात्रींचा मुक्काम ठेवा. हेग्राबरोबर ददानच्या लाल कड्यातल्या कबरी आणि जबल इक्मा ही घळ पाहा. इक्माच्या भिंतींवर शेकडो प्राचीन लेख आहेत आणि २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत तिची नोंद झाली. मला हेग्राइतकीच ही घळ आवडली. तिथं गर्दी नसते आणि अक्षरं डोळ्यांच्या उंचीवर असतात.
5. हिवाळ्यात स्वेटर न्याच. दिवसा ऊन असलं तरी रात्री पारा एक आकडी होतो.

कुराणात उल्लेख असलेल्या समूद लोकांची आणि पैगंबर सालिह यांची ही भूमी मानली जाते. त्यामुळे काही श्रद्धाळू मुस्लीम इथं सहलीला येणं टाळतात किंवा शांतपणे, न रेंगाळता पुढं जातात. उमऱ्याहून येणाऱ्या वाचकांनी हा निर्णय आपल्या घरच्या जाणत्यांशी बोलून घ्यावा. इतरांनी तिथं हसण्या-खिदळण्याला आवर घालावा, एवढं तरी आपण नक्की करू शकतो.

तुरैफ आणि अल-अहसा

रियाधच्या वायव्येला दिरिया आहे. १७२७ मध्ये पहिल्या सौदी राज्याची सुरुवात इथं झाली आणि १८१८ मध्ये उस्मानी फौजेनं ती राजधानी उद्ध्वस्त केली. मातीच्या विटांचे तिथले वाडे म्हणजे तुरैफ. २०१० पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. तिकीट आधी ऑनलाइन काढा, सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, दिवे लागेपर्यंत थांबा. समोरच्या बुजैरी भागातली हॉटेलं महाग आहेत, घरून खाऊन निघालात तर बरं. रियाध शहरातला मस्मक किल्ला मेट्रोच्या कस्र अल-हुक्म स्थानकापासून चालत जाण्याजोगा आहे. राजे अब्दुल अझीझ यांनी १९०२ मध्ये केलेल्या हल्ल्यात दरवाजात रुतलेलं भाल्याचं पातं तिथं दाखवतात.

अल-अहसा म्हणजे २५ लाख खजुरीची झाडं असलेली हिरवळ. जबल अल-कारा टेकडीतल्या अरुंद, उंच गुहा उन्हाळ्यातही गार असतात. हुफूफच्या कैसरिया बाजारातून खलास जातीचा खजूर घ्या. दम्माम-रियाध रेल्वे हुफूफला थांबते.

कुठं थांबायचं

- मक्का: मुस्लीमेतरांना शहराच्या हद्दीत प्रवेश नाही. यात चुकून शिरण्याचा धोका खरा आहे. जिद्द्याहून ताइफला गाडीनं निघालात की मोबाइलवरचा नकाशा जवळचा म्हणून मक्केतला रस्ता दाखवतो. मुस्लीमेतरांसाठी वळणरस्त्याच्या पाट्या महामार्गावर आहेत; नकाशावर न विसंबता त्या पाट्या पाळा.
- मदिना: मस्जिद-ए-नबवीच्या भोवतालच्या हरम हद्दीत मुस्लीमेतरांनी जाऊ नये. हद्द पाट्यांनी दाखवलेली आहे. शहराच्या बाहेरच्या भागातून पुढं जाता येतं.
- इतर मशिदी: विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, नमाजाच्या वेळी तर मुळीच नाही.

पेहराव, फोटो आणि वेळा

आईला साडीच नेसायची असेल तर वरून एक सैल अबाया चढवणं सगळ्यात सोयीचं. अबाया नकोच असेल तर पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज ठीक. पुरुषांनी अर्धी चड्डी आणि बनियन घालून बाजारात जाऊ नये. २०१९ पासून सार्वजनिक सभ्यतेचे नियम लेखी स्वरूपात लागू आहेत आणि मोडल्यास दंड होतो.

फोटो वास्तूंचे काढा. माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, विचारल्याशिवाय काढू नका. राजवाडे, पोलीस, लष्करी ठाणी यांच्याकडे कॅमेरा वळवूच नका. परवान्याशिवाय ड्रोन उडवणं गुन्हा आहे.

नमाजाच्या वेळी मोठी दुकानं आता उघडी राहतात, पण जुन्या बाजारातलं दुकान वीस मिनिटं बंद होऊ शकतं. तेवढा वेळ शांत बसा. रमजानचं गणित आधीच मांडा. फिरायला उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण या दशकाच्या उरलेल्या वर्षांत रमजान नेमका हिवाळ्यातच सरकत जाणार आहे. त्या महिन्यात दिवसा कुणीच उघड्यावर खाऊ-पिऊ शकत नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मधुमेह असलेल्यांनी त्या दिवसांत लांबचा प्रवास ठेवू नये. याउलट रमजानच्या रात्री जुनं जिद्दा उजळून निघतं, हेही खरं.

बॅगेतली खसखस

हे वाक्य दोनदा वाचा: सौदीत खसखशीवर बंदी आहे आणि तिची गणना अमली पदार्थांत होते. आपल्या आया मुलांसाठी प्रेमानं काय काय नेतात? डिंकाचे लाडू, अनारसे, करंज्या, घरचा मसाला. या प्रत्येकात खसखस असू शकते. पिशवीतली सुटी खसखस तर नकोच, पण हे पदार्थही तिच्याशिवाय करा. अनारशाला खसखशीऐवजी रवा लावा. विकतचा मसाला असेल तर पुडीवरची यादी वाचा.

औषधांचंही तसंच. झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामकं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांच्यावर निर्बंध आहेत. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह जवळ ठेवा. नियंत्रित औषध असेल तर सौदी अन्न व औषध प्राधिकरणाची परवानगी आधी काढा. शेजाऱ्यानं "माझ्या भावाला एवढं द्या" म्हणून दिलेलं बंद पाकीट नेऊ नका, नातं कितीही जवळचं असो.

गाडी, गाइड आणि तुमचे हक्क

व्हिजिट व्हिसावर आलेल्या माणसाला गाडी चालवायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या. वेगाचे कॅमेरे जागोजाग आहेत आणि थकलेला दंड देश सोडताना आडवा येतो. रात्री वाळवंटातला रस्ता टाळा, उंट दिव्यांच्या झोतात फार उशिरा दिसतो.

एका खाजगी गाडीवाल्यानं "हेग्राचं तिकीट धरून" पैसे घेतले आणि आम्हाला फक्त प्रवेशद्वार दाखवून आणलं, हा माझा स्वतःचा अनुभव. त्या दिवशीच्या सगळ्या फेऱ्या भरलेल्या होत्या. तेव्हापासून तिकीट स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नावानं काढल्याशिवाय मी कुणालाही एक रियाल देत नाही. तुम्हीही देऊ नका.

लक्षात ठेवण्याजोगे हक्क आणि क्रमांक:

- नोकरीवर असलेल्या वाचकांना देशांतर्गत फिरायला इकामा पुरतो. कामगाराचा पासपोर्ट मालकानं स्वतःकडे अडकवून ठेवणं तिथल्या नियमांत बसत नाही.
- किमतीत १५ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो. छापील बिल मागा.
- पर्यटनासंबंधी मदत आणि तक्रार: ९३०. रुग्णवाहिका: ९९७. रियाध, मक्का प्रांत आणि पूर्व प्रांतात कोणत्याही तातडीसाठी: ९११.
- पासपोर्ट हरवला किंवा अटकेसारखा प्रसंग आला तर रियाधचा भारतीय दूतावास किंवा जिद्द्याचा भारतीय वाणिज्य दूतावास. दोन्हींचे क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोन हरवल्यावर फोनमधले क्रमांक उपयोगी पडत नाहीत.

आणि एक कळकळीची विनंती. हेग्राच्या वाळूत, अल-उलाच्या जुन्या गावात, जिद्द्याच्या पडक्या भिंतींपाशी खापराचा तुकडा किंवा कोरीव दगड पायाशी पडलेला दिसेल. नातवाला दाखवायला म्हणून तो खिशात घालू नका. तिथल्या कायद्यानं पुरातन वस्तू उचलणं आणि देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. खडकावर नाव कोरणं हाही गुन्हाच. नातवाला फोटो दाखवा, आणि तो मोठा झाला की त्यालाच घेऊन जा.